तिसरी सुई

सेक्टर ६, भिलाई
४ मार्च २०२४

देवीदास,

आशीर्वाद घे, कौशल्यालेही दे. फोन कावून नाई केला म्हणशील, तं माहे कान आता स्पीकर लावल्याशिवाय चालत नाई, अन् स्पीकर लावला का भिंतीपलीकडचे शेजारी बी माह्या पोटातलं ऐकतात. चौथी शिकली मी. अक्षर वाकडं असलं तरी ते तुह्याशिवाय कोणाले ऐकू येत नाई.

गोष्ट अशी हाय का माह्या पोराले माही सून निशा उपाशी मारून राहिली.

आतड्याचं ऑपरेशन झालं तवा तू दवाखान्यात होताच. कॅन्सरची गाठ काढली, आतडं जोडलं, ठीक. पण त्याच्यानंतर राजकुमारच्या ताटात काय येते ते ऐक. मऊ भात. गाळलेलं वरण, म्हणजे वरणाचं पाणी. सालं काढून शिजवलेली लौकी. ज्वारीची भाकर बंद, ठेचा बंद, जवस बंद. ज्या भाकरीवर हा स्टील प्लांटच्या क्रेनवर चढला ती भाकर आता त्याले वैरी झाली. अन् वरतून रोज अंडं! माहे मालक कृष्णराव होते तोवर या घरात अंड्याचं नाव नाई निघालं, आता माह्याच वरणाच्या गंजात उकडते. पाणी बी कोमट देते. कोमट पाणी तं कोणी बकरीले नाई पाजत.

मी बोलली तं म्हणते, "आई, दवाखान्यातल्या डाएटवाल्या मॅडमनं लिहून दिलं आहे." मॅडमनं लिहिलं का हिनं, कोण पाह्यलं? पोट्टा वाळून काडी झाला. शर्ट खुंटीवर टांगल्यावानी दिसते. अन् राजकुमार स्वतः मले म्हणाला, "आई, निशा पोटभर जेवूच देत नाही." आपल्या तोंडानं म्हणाला.

हे बाई फोनवर हळू बोलते, मी आली का "बाद में बात करती हूँ" म्हणते. नवरा नोकरीत असताना गेला तं बायकोले नोकरी भेटते म्हणतात. मी काई म्हणत नाई. मी फक्त पाहून राहिली.

आता केमोच्या तिसऱ्या सुईसाठी तो येत्या गुरवारी नागपूरले येईन. पहिल्या दोन वेळा निशा संग होती. आता नातीची, मोनाची बारावीची परीक्षा हाय म्हणून तो एकटाच येणार, तुह्याकडं अजनीले मुक्काम करन. भावाच्या घरी पोरगं रिकाम्या हातानं जात नसते. कृष्णरावाचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात जवसाची चटणी देऊन राहिली. मी पाठवलेलं नेहमी रस्त्यातच कमी होते, म्हणून भेटली का नाई ते लिहिजो. कौशल्याले म्हणा, पोराले वडा-भात कर, तेलाचा हात आखडू नोको.

तुही अक्का
सत्यभामा

---

अजनी, नागपूर
१८ मार्च

अक्का,

पाया पडतो. तुझं पत्र वाचून कौशल्या हसली, मी हसलो नाही, कारण उत्तर मलाच द्यायचं होतं.

राजकुमार आला होता. जेवला, झोपला, सकाळी सुई घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सगळं ठीक. तुझी जवसाची चटणी तर काय सांगू, लय झकास! कौशल्या म्हणते, अशी चटणी आता कोणाच्या हातची होत नाही. दोन दिवसांत डबा चाटूनपुसून साफ केला.

वडा-भात मात्र केला नाही. रागावू नको, पण निशाचं चुकत नाही. मला स्वतःला आतड्याचा जुना आजार, तुला माहीतच आहे. कॅन्सर नाही, सूज. ती भडकली की संडासात रक्त जाते, अन् मग मी पण भाकर, जवस, कच्चं सलाद सगळं बंद करतो अन् मऊ भातावर येतो. सूज उतरली की हळूहळू भाज्या परत सुरू. त्याचं आतडं कापून जोडलेलं, माझं सुजलेलं. दोघांचं पथ्य एक नाही, पण दोघांनाही ज्या वेळी जे झेपते तेच खावं लागते. अंडं तर त्याला पाहिजेच. सुईनं अंगातली ताकद जाते, ती भरायला डाळ, दही, अंडं, पनीर, थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा. अन् सकाळ-संध्याकाळ फिरणं. हे मलाही तिथल्याच मॅडमनं सांगितलं होतं.

कोमट पाण्याचं ऐक. या सुईनंतर चार-सहा दिवस थंडगार काही सोसत नाही. दुसऱ्या वेळी निशा अन् तो इथं उतरले होते, तेव्हा त्यानं नळाखाली हात धरला अन् करंट लागल्यासारखा ओरडला. फ्रिजमधलं पाणी घशात काट्यासारखं टोचते म्हणाला. म्हणून ती कोमट देते. तू उगीच पोरीवर घसरू नको.

तुझा
देवीदास

---

सेक्टर ६
२३ मार्च

देवीदास,

त्या डब्यात चटणी नव्हती.

मुरूम होता. क्वार्टरच्या मागं पाइपलाइनसाठी खोदलं, तिथला लाल मुरूम मी डब्यात भरला, वरतून कागद लावला, झाकण ठोकून बसवलं. मले वाटलं, निशा डबा उघडून पाहीन, चटणी काढून घेईन अन् पकडली जाईन. ते तं पकडली गेली नाई. तू पकडला गेला. काय गा, मुरूम चाटूनपुसून खाल्ला? कौशल्याले सांग, कृती सोपी हाय, फावडं लागते.

आता दुसरं. तुह्या पत्राच्या आधी मले समजलं नव्हतं, तू लिहिलं म्हणून समजलं. राजकुमार त्या शुक्रवारी रात्री घरी आला अन् माह्यासमोर फ्रिज उघडून बाटली तोंडाले लावली. उभ्यानं घटाघटा पेला. निशा तिकडं मोनाले घेऊन बसली होती. मी आपली खुश झाली, म्हटलं पोरगं सुधरून राहिलं, आता निशाचं कोमट पाणी नाई लागत. अन् तू म्हणतं काट्यासारखं टोचते.

मंग त्याले कावून नाई टोचलं?

माहा पोरगा गुरवारी सकाळी बॅग घेऊन निघाला, शुक्रवारी रात्री आला. तुह्या घरी नव्हता. दवाखान्यात नव्हता. कुठी होता? मी त्याले काई विचारलं नाई. विचारलं तं तो बी तुह्यावानीच चटणीची तारीफ करन.

खरं लिही. तू लहान असताना खोटं बोलला का कान खाजवत होता. पत्रात कान दिसत नाई, म्हणून तुले वाटलं आपण सुटलो.

सत्यभामा

---

अजनी
३० मार्च

अक्का,

तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मार, पण आधी वाच.

त्या बुधवारी राजकुमारचा फोन आला. "मामा, रक्त कमी आलं म्हणून डॉक्टरनं यावेळी गॅप दिला. आई अन् निशा घाबरतील. मी दोन दिवस मित्राकडं राहतो, विचारलं तर तुमच्याकडं होतो म्हणा." रक्त कमी आलं की सुई पुढं ढकलतात, हे मला माहीत, म्हणून मी हो म्हटलं. चटणी मी माझ्या मनानं जोडली. खोट्याला फोडणी देण्याची खोड.

तुझं पत्र आल्यावर मी दवाखान्यात गेलो. खिडकीतली पोरगी म्हणाली, "अंकल, पेशंट आलेच नाहीत, आम्ही फोन करून राहिलो, उचलत नाहीत." डॉक्टरनं गॅप दिला नव्हता, अक्का. तिसरी सुई त्यानं बुडवली. आता चौथीची तारीख येऊन राहिली.

मग मी राजकुमारला धरलं. आधी हो-नाही, मग कबूल झाला. तुमच्या भिलाईतच, जुनवानीला कोणी अच्युतजी आहेत, आहार केंद्र चालवतात. तो त्यांच्या शिबिरात होता. सकाळी हिरवा रस, दुपारी गाजर-बीटाचा रस, संध्याकाळी उपास. अन्न बंद केलं की गाठ उपाशी मरते म्हणतात. दवाखान्याची सुई म्हणजे जहर म्हणतात. घरातही तो निशाचं ताट अर्धं ठेवून उठतो, अन् तुला सांगतो ती वाढत नाही.

मी म्हटलं, बाबू, खाणंपिणं औषधाच्या जोडीला असते, औषधाच्या जागी नाही. गाठ उपाशी मरायच्या आधी माणूस मरते. मी आजही पथ्य पाळतो, पण गोळी सोडत नाही. तर म्हणाला, "मामा, तुम्हाला नाही समजणार," अन् फोन ठेवला. अजून काहीतरी आहे त्याच्या पोटात, मला सांगत नाही.

एक विनंती. निशाला एवढ्यात सांगू नको. मी त्याला समजावतो, हळूहळू.

देवीदास

---

सेक्टर ६
९ एप्रिल

देवीदास,

तुह्या हळूहळूनं तं आमची तेरवी बी निघून जाईन. मी शेजारच्या शकुबाईले घेतलं, ऑटो केला अन् जुनवानीले गेली. घरी सांगतलं, देवीच्या दर्शनाले जातो.

मोठं घर, पुढं तुळशी, आत संगमरवर. चपला बाहेर. हॉलमधी दहा-बारा लोक सतरंजीवर बसले, सगळ्याईच्या हातात हिरव्या पाण्याचे गिलास. एक बाई, डोक्यावर केस नाई, रुमाल बांधलेला. एक पोट्टं, पोट धरून बसलेलं. अन् भिंतीशी राजकुमार. गिलास दोन्ही तळव्याईत दाबून धरलेला, लहान पोरावानी. मले पाहून उठला बी नाई. उठायची ताकद असन तं उठन.

अच्युतजी गोरे, गोड, खादीचा कुर्ता. माह्या पाया पडले. "माताजी, आप जैसी माँ हो तो बेटा ठीक होगा ही." ज्याले मी जन्मात पाह्यलं नाई तो पाया पडला का मी आधी माहे पैंजण मोजते.

त्यानं दोघातिघाईले उभं केलं. हे बरे झाले, हे बरे झाले. मी म्हटलं, "बहुत अच्छा. ये सब फायदा वाले बैठे हैं. जिनको फायदा नहीं हुआ, वो कहाँ बैठते हैं?"

तो हसला. "माताजी, वो लोग विश्वास छोड़ देते हैं."

"विश्वास छोड़ते हैं कि दुनिया?"

शकुबाईनं माहा पदर ओढला. तेवढ्यात मले कपाटात माहा डबा दिसला. कृष्णरावाचं नाव कोरलेलं, मोठ्या अक्षरात. माह्या पोरानं मामासाठी दिलेला डबा गुरूले वाहिला होता! मी इचारलं, "ये डिब्बा?"

"अरे, वो तो आपके हाथ का प्रसाद है! राजकुमारजी लाए थे. जवस की चटनी. मैंने खुद चखी, माताजी, बहुत सात्त्विक. सब साधकों को थोड़ी-थोड़ी दी."

मी कपाटाकडं गेली. डबा उतरवला, झाकण काढता येईना तं शकुबाईच्या कड्यानं ठोकलं, कागद फाडला अन् त्याच्या संगमरवरावर उपडा केला. एवढा ढीग लाल मुरूम. अच्युतजीचं तोंड उघडंच राहिलं, मंग म्हणे, "ये किसी ने बदल दिया होगा." मी म्हटलं, "चखते समय नहीं बदला था?"

मले वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाई. रुमालवाल्या बाईनं आपला गिलास खाली ठेवला, मंग इकडंतिकडं पाह्यलं अन् परत उचलला. तिच्याजवळ दुसरं काय होतं?

राजकुमारले ऑटोत घातलं. सुपेल्यात ऑटो सिग्नलले थांबला. मंग राजकुमार म्हणाला, "आई, बोटं मेली."

"कोणाची?"

"माझी. दुसऱ्या सुईनंतर थंडीचं टोचणं गेलं, पण बोटं बधिर झाली ती परतली नाहीत. बटन लागत नाही. आई, मी क्रेन चालवतो. हाताला लीवर समजत नाही. खाली माणसं उभी असतात, वर लटकलेलं पातेलं वितळलेल्या लोखंडानं भरलेलं असते. अजून सुया घेतल्या तर हात कायमचा जाईल. मग मला अनफिट करतील, नाहीतर मी कोणाला तरी मारीन. अच्युतजी म्हणाले, रसानं तेच काम होते, हात जात नाहीत."

"डॉक्टरले सांगतलं?"

"नाही. लिहून ठेवतील, कंपनीला कळेल."

"बायकोले?"

"नाही."

"मंग मलेच कावून सांगतलं का ते जेवू देत नाई?"

बोटं चोळत म्हणाला, "तुला ते पटेल हे माहीत होतं."

देवीदास, पोरगं खरं बोललं. माह्या घरात कोणतं खोटं लवकर शिजते, हे त्याले बरोबर माहीत होतं.

घरी आलो, निशा अंगणात कपडे काढत होती. मी सगळं तिच्यासमोर ठेवलं, डबा बी, मुरूम बी. मले वाटलं आता भांडण होईन. ते राजकुमारकडं पाठ करून उभी राहिली. चादर घडी करत राहिली. मंग मले म्हणाली, "आई, तुम्ही चार महिने माझ्यावर नजर ठेवली. मी अंडं किती देते, फोन कोणाला करते. फोन मी मॅडमला करत होते, यांचं वजन का उतरते विचारायला. तुम्ही मला पाहत होत्या, म्हणून यांच्याकडं पाहायला घरात कोणीच उरलं नाही."

मी तोंडानं तलवार हाय, तुले माहीत. पण मी स्वयंपाकघरात गेली अन् अंडे उकडाले ठेवले. दोन फुटले.

आता काय करू ते लिही. समजावू बिमजावू नोको, काय करू ते लिही.

सत्यभामा

---

अजनी
१४ एप्रिल

अक्का,

मी डॉक्टरांना भेटलो. बोटांचं ऐकून ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, हे आधी सांगायला पाहिजे होतं. हात बधिर होणं या औषधाचं नेहमीचं आहे, त्यासाठीच ते दर वेळी विचारतात. डोस कमी करता येतो, तेवढं एक औषध थांबवून बाकीचं चालू ठेवता येते. पण पेशंट बोललाच नाही तर ते कशाचा अंदाज घेणार? हात बरेचदा हळूहळू सुधरतात, पण पूर्ण सुधरतील असा शब्द देत नाहीत. सुई बुडाली त्याचा हिशेबही आता रक्त अन् स्कॅनचे फोटो पाहूनच लागेल. मी विचारलं, उशीर झाला का? म्हणाले, आणखी करू नका.

आणखी एक. पुढच्या सुया भिलाईतच देता येतील, त्यांनी कागद तिकडच्या डॉक्टरांना पाठवले. म्हणजे आता मुक्कामाचं कारण नाही, डबा नाही, अन् माझी चटणीची तारीफही नाही. मी यायचं म्हणत होतो, पण माझं आतडं भडकलं आहे, संडासापासून लांब जाता येत नाही. मऊ भातावर आहे. तू जा त्याच्यासोबत. पण अक्का, तिथं डॉक्टरवर तोंड टाकू नको.

देवीदास

---

सेक्टर ६
२६ एप्रिल

देवीदास,

मऊ भातच खा, अन् गोळी घेत जाय. कौशल्याले इचारून राहीन मी, तुले नाई.

काल गेलो. मी, निशा अन् राजकुमार. सकाळी निघताना राजकुमार म्हणाला, आज तब्येत नरम हाय, उद्या पाहू. निशा दारात चप्पल घालून उभी होती. मी म्हटलं, "प्लांटमधी अनफिट करतील तं खाली उतरून काम करजो. खाटेवरून कोणी अनफिट करत नाई, तिथून तं सरळ उचलतातच." आला.

डॉक्टर तरुण हाय, समीर नावाचा, पण डोळे म्हाताऱ्यावानी थकलेले. त्यानं आधी राजकुमारले बटन लावाले सांगतलं. शर्टाचं एक बटन. राजकुमारनं लावून पाह्यलं. तीनदा सुटलं. निशा मंधात पडाले गेली, डॉक्टरनं हात करून थांबवलं. मी खिडकीकडं पाहून राहिली. बाहेर एक माणूस उसाचा रस काढत होता, त्याच्याकडं पाहून राहिली.

मंग डॉक्टर बोलला. रक्त ठीक हाय, वजन ठीक नाई. आज तेवढी हातावर येणारी दवा टाकत नाई, बाकीची देऊ, हात पाहत राहू. नोकरीचं म्हणाला, "हलकं काम देण्यासाठी मी लिहून देतो. लपवू नका, लपवलं तर मी आंधळा." राजकुमारनं मान हलवली. घाबरून हलवली का खरी हलवली, मले नाई समजत. माहा आता माह्या समजेवर बी भरवसा कमी झाला.

गाठ परत येईन का नाई, हे मी इचारलं नाई. तो सांगू शकत असता तं त्यानं आपणहून सांगतलं असतं.

शेवटी कागद पुढं ओढून त्यानं इचारलं, "घरी रोज काय खातात, किती खातात, किती चालतात? घरात हे सगळं कोण पाहते?" अन् त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्हातारी पाहून सगळेच माह्याकडं पाहतात. राजकुमारनं बी पाह्यलं. निशा खाली पाहून राहिली, तिले सवय झाली होती का आता मी बोलीन.

मी म्हटलं, "मले नोको इचारू, डॉक्टर. माह्या पोराले बी नोको. हिले इचार. या घरात खरं सांगणारी हे एकच हाय."

अन् खुर्ची तिच्याकडं सरकवून मी बाहेर जाऊन बसली.

सत्यभामा